व्हिटेकर की डुरान? आमच्या रविवारच्या वादातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओटल्यावर रविवारी सकाळी पोहे-जलेबी आली की हा वाद सुरू होतो तो पुडीतलं जिरावण, म्हणजे पोह्यांवर टाकायचा मसाला, संपेस्तोवर चालतो, आणि आता तर लग्नकार्यातसुद्धा कुणीतरी मला बाजूला घेऊन तेच विचारतं, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. मी शाळेत असताना तीन वर्षं बॉक्सिंग शिकलोय आणि जुन्या फाइट्स बघायचा नाद तेव्हापासून आहे तो सुटलेला नाही. माझं मत खाली आहेच, पण आधी मुद्दे.

वाद नक्की कशावर आहे?

अमेरिकेचा बॉक्सर पर्नेल व्हिटेकर आणि पनामाचा बॉक्सर रॉबर्टो डुरान, दोघंही आपापल्या सगळ्यात भारी काळातले, दोघांचं वजन लाइटवेटचं म्हणजे १३५ पाउंड, आपल्या हिशेबात ६१ किलोच्या जरा वर, आणि दोघांना एका रिंगमध्ये सोडलं तर जिंकेल कोण. एकाला हात लावणं मुश्किल, दुसऱ्याला अडवणं मुश्किल. खरी फाइट कधी होणारच नव्हती, कारण डुरान १९५१ चा आणि व्हिटेकर १९६४ चा, डुरानने १९७९ मध्ये लाइटवेटचा किताब सोडला तेव्हा व्हिटेकर जेमतेम १५ वर्षांचा पोरगा होता.

हेच दोघं का? मेवेदर विरुद्ध टायसन का नाही?

कारण वजन. मेवेदर आणि टायसनमध्ये तीस-पस्तीस किलोचा फरक, त्यात वाद घालण्यासारखं आहे काय. व्हिटेकर आणि डुरान मात्र एकाच वजनाचे राजे. डुरानने २१ जानेवारी १९७८ ला एस्तेबान दे हेसूसला हरवून वेगवेगळ्या संघटनांचे लाइटवेटचे पट्टे एकत्र केले, आणि त्याच्यानंतर सगळे पट्टे एका कमरेला बांधणारा पहिला माणूस म्हणजे व्हिटेकर, ११ ऑगस्ट १९९० ला, हुआन नाझारियोला पहिल्याच राउंडमध्ये झोपवून. मध्ये बारा वर्षं गेली. आणि २००७ मध्ये बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये दोघं एकाच वर्षी घेतले गेले. एका घरातली दोन चित्रं शेजारी-शेजारी लावलेली असली की माणूस तुलना करणारच ना.

व्हिटेकरचे नॉकआउट फक्त १७, मग तो एवढा मोठा कसा?

हा प्रश्न आमचे मामा दर वेळेला विचारतात. ४० विजय, त्यात १७ नॉकआउट, बरोबर आहे. पण मामा, तुम्ही त्याची फाइट कधी आवाज बंद करून बघा. समोरचा माणूस पूर्ण जोर लावून हुक, म्हणजे बाजूने वळवून ठोसा, मारतोय आणि व्हिटेकरचं डोकं तिथे नाहीच, ते गुडघ्यांच्या उंचीवर गेलंय, आणि समोरचा परत सावरेपर्यंत हा त्याच्या बाजूला, कधीकधी चक्क पाठीमागे उभा. खो-खोमध्ये चांगला पळणारा कसा खांबाजवळ येऊन खांद्याने एकीकडची हूल देतो आणि पाय दुसरीकडे टाकतो, अगदी तसं, फरक एवढाच की खो-खोतला पळणारा लांब पळू शकतो आणि व्हिटेकर हे सगळं हाताच्या अंतरावर करायचा. तो लांब जायचाच नाही फारसा. जवळ उभा राहून चुकवायचा आणि तिथूनच उजव्या हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, पोटात आणि तोंडावर मारत राहायचा.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्याला लाइटवेटचं गोल्ड मिळालं. प्रो, म्हणजे व्यावसायिक बॉक्सर, झाल्यावर १९८९ ते १९९२ दरम्यान या वजनात त्याला हात लावू शकेल असा माणूसच उरला नव्हता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे १० सप्टेंबर १९९३, सॅन अँटोनियोचं अलामोडोम, समोर ८७ फाइट जिंकलेला आणि एकही न हरलेला मेक्सिकोचा चावेझ. व्हिटेकरने त्याला बारा राउंड खेळवलं. निकाल काय लागला? ड्रॉ. दोन जजनी ११५-११५ दिलं, एकाने ११५-११३ व्हिटेकरला. दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या स्पोर्ट्स मॅगझिनने कव्हरवर एकच शब्द छापला होता, त्याचा अर्थ 'लुटलं'. चावेझ त्या दिवशी त्याच्या नेहमीच्या वजनापेक्षा वर येऊन खेळला होता हे मी मान्य करतो, तरीपण जे दिसलं ते दिसलं.

पण हा पळपुटेपणाच झाला ना? लढायला आलाय की नाचायला?

नाही. इथे मी जरा लांब बोलणार आहे.

मी चौदा वर्षांचा असताना एका स्पर्धेत माझ्यापेक्षा बऱ्याच दणकट मुलाशी माझी फाइट लागली. मला शिकवलं होतं तसं मी केलं, डावीकडे सरकलो, जॅब टाकला, मान काढून घेतली, परत जॅब. त्या मुलाचे चार-पाच ठोसे माझ्या ग्लोव्हजवर बसले, तोंडावर बहुतेक एकही नाही. आणि पूर्ण वेळ बाहेरून लोक ओरडून राहिले होते, "अरे भिया लढ ना, भागता काय को है". निकाल त्याच्या बाजूने गेला. जजपैकी एकाने नंतर माझ्या वडिलांना सांगितलं की तो मुलगा पुढे जात होता म्हणून. मला हरल्याचं दुःख कमी झालं, पण पुढे जाणं म्हणजेच लढणं हे त्यांनी गृहीत धरलं त्याचा राग आजही आहे.

बॉक्सिंगचा नियम तसा नाहीये. जज चार गोष्टी बघतात: साफ बसलेले ठोसे, परिणाम करणारा हल्ला, रिंगवरचा ताबा आणि बचाव. आता "परिणाम करणारा" हा शब्द बघा. तुम्ही पन्नास ठोसे मारले आणि पंचेचाळीस हवेत गेले तर तो हल्ला नाही, तो व्यायाम आहे. आणि बचाव हा त्या चारपैकी एक आहे, फुकटचा नाही.

इंदूरच्या माणसाला हे समजायला खरंतर सोपं पाहिजे. राहुल द्रविड ११ जानेवारी १९७३ ला याच गावात जन्मला, आणि टेस्टमध्ये ३१,२५८ बॉल खेळला, जगात दुसऱ्या कुणी तेवढे खेळलेले नाहीत. त्याला कुणी पळपुटा म्हणेल काय? आणि याच गावाच्या होळकर स्टेडियमवर ८ डिसेंबर २०११ ला सेहवागने १४९ बॉलमध्ये २१९ ठोकले, ते बघायला मी स्वतः होतो, आयुष्यात तेवढा ओरडलो नसेन. मला दोघंही पाहिजेत. पण सेहवागला टाळ्या आणि द्रविडला "काय खेळून राहिलाय, बोअर" हे मला चालत नाही, आणि व्हिटेकरच्या बाबतीत नेमकं हेच होतं.

मग डुरान म्हणजे नुसता हाणामारीवाला?

हे दुसऱ्या बाजूचं चुकीचं मत. डुरानचं टोपणनाव 'दगडी हात', पनामाच्या एल चोरीयो नावाच्या गरीब वस्तीत वाढलेला, डोळ्यात आग, फाइटच्या आधी समोरच्याला शिव्या, त्यामुळे लोकांना वाटतं की हा बैलासारखा घुसतो आणि मारतो. पण १९७४ ची दे हेसूसची दुसरी फाइट किंवा १९८० ची शुगर रे लिओनार्डशी झालेली पहिली नीट बघा. पुढे येताना त्याचं डोकं एका रेषेत कधीच येत नाही. खांद्याने हूल देतो, समोरच्याने जॅब टाकला की तो वरून निसटवतो आणि त्याच क्षणी आत शिरलेला असतो. आत शिरल्यावर तर त्याचं खरं काम सुरू होतं, खांदा हनुवटीखाली, कपाळ छातीवर, एका हाताने समोरच्याचा दंड दाबून ठेवायचा आणि दुसऱ्याने बरगडीत हाणायचं. कुस्तीतला माणूस हे बघून लगेच ओळखेल. आमच्या आतेभावाचे आजोबा तालमीत जायचे, त्यांना मी एकदा मोबाइलवर डुरान दाखवला तर ते म्हणाले, "हा तर आधी पकड घेतो रे, मारतो नंतर." एवढं नेमकं मी कुठल्या कॉमेंटरीत ऐकलेलं नाही.

त्याला शिकवणारे दोघं, रे आर्सेल आणि फ्रेडी ब्राउन, जुन्या न्यूयॉर्कचे म्हातारे मास्तर होते. आग त्याची स्वतःची, पण शाळा पक्की होती. ११९ फाइट, १०३ विजय, ७० नॉकआउट, १९६८ ते २००१. नुसत्या रागावर कुणी ३३ वर्षं टिकत नाही.

म्हणून मी या वादात "बचाववाला विरुद्ध हाणामारीवाला" असं म्हणतो तेव्हा ते सोयीसाठी म्हणतो. खरंतर एकजण ठोसा चुकवून मारणारा आहे आणि दुसरा चुकवत चुकवत आत शिरणारा.

"नो मास", म्हणजे 'आता बस', म्हणून जो मध्येच सोडून गेला, त्याच्यावर कसला भरोसा?

२५ नोव्हेंबर १९८०, न्यू ऑर्लिन्स, लिओनार्डशी दुसरी फाइट, आठव्या राउंडमध्ये डुरान पाठ फिरवून निघून गेला. हे झालंय, पुसता येणार नाही. लिओनार्ड त्या दिवशी उभा राहून भिडलाच नाही, सरकत राहिला, वाकुल्या दाखवत राहिला आणि डुरान वैतागला. व्हिटेकरचे चाहते म्हणतात, बघा, चकवणारा समोर आला की हा असा मोडतो.

मुद्द्यात दम आहे, पण अर्धाच. ती फाइट १४७ पाउंडची होती, डुरानचं घरचं वजन नव्हे, आणि जूनमध्ये मॉन्ट्रियलला जिंकल्यावर तो पाच महिने पार्टी करून फुगला होता, मग घाईघाईत वजन उतरवलं. १९७८ चा डुरान तो नव्हता. आणि तोच माणूस १९८३ मध्ये ३२ व्या वाढदिवशी डेव्ही मूरला हरवून परत चॅम्पियन झाला, १९८९ मध्ये ३७ व्या वर्षी आयरन बार्कलीसारख्या धिप्पाड माणसाला हरवलं. एका रात्रीवरून माणसाचं माप काढू नये.

अशा प्रकारची फाइट खरोखर कधी झाली आहे का?

झालीये, आणि उत्तर दोन्हीकडे गेलंय.

विली पेप आणि सँडी सॅडलर. पेप म्हणजे बचावातला देव, कारकिर्दीत २२९ विजय. सॅडलर उंच, लांब हातांचा, आणि धसमुसळा. १९४८ मध्ये सॅडलरने चौथ्या राउंडमध्ये पाडलं, १९४९ मध्ये पेपने पंधरा राउंड अप्रतिम खेळून परत घेतलं, आणि मग १९५० आणि १९५१ या दोन्ही वेळा पेप मध्येच थांबला. चारमधून तीन सॅडलरच्या. माझ्या बाजूच्या लोकांना ही गोष्ट आवडत नाही पण ती लपवून कसं चालेल. पेपचं १९४७ च्या सुरुवातीला विमान कोसळलं होतं आणि तो जबर जखमी झाला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला पाहिजे.

दुसरीकडे खुद्द डुरान, ३० जानेवारी १९८२, विल्फ्रेड बेनितेझ, ज्याला 'रडार' म्हणायचे. बेनितेझ रोप्सला पाठ लावून उभा राहिला, डुरानचे ठोसे कानाजवळून जाऊ दिले, आणि तिन्ही जजनी त्याला जिंकवलं. वजन मात्र १५४ पाउंड, म्हणजे डुरान तिथेही परक्या घरात.

अलीकडचं बघायचं तर २०१४. मे महिन्यात मेवेदरला अंगावर येणाऱ्या मायदानाने रोप्सवर दाबून बराच त्रास दिला तरी मेवेदर जिंकला, आणि त्याच वर्षी १ मार्चला चकवून खेळणारा लोमाचेन्को आपल्या दुसऱ्याच प्रो फाइटमध्ये आत घुसणाऱ्या सालिदोकडून हरला. सालिदो आधी वजनातच बसला नाही आणि फाइटमध्ये कमरेखाली मारत राहिला. तेही अलामोडोममध्येच, जिथे व्हिटेकरला ड्रॉ मिळाला होता.

१२ राउंड की १५?

सगळा वाद इथेच येऊन अडतो असं माझं मत आहे, आणि लोक हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारतात.

डुरानच्या किताबाच्या फाइट १५ राउंडच्या असायच्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा किम दुक-कू, रे मॅन्सिनीशी खेळताना चौदाव्या राउंडमध्ये पडला आणि चार दिवसांनी गेला, त्यानंतर आधी डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने आणि मग बाकीच्यांनीही १२ राउंड केले. व्हिटेकरचा किताबाचा सगळा काळ १२ चा.

आता डुरानचं काम कसं चालायचं ते आठवा. डोकं हलवता येतं, बरगड्या कुठे हलवणार. तो पहिल्यापासून शरीरावर मारायचा, प्रत्येक ठोशाने पायातला थोडा थोडा जीव काढून घ्यायचा. दे हेसूस दुसऱ्या वेळी अकराव्यात गेला, तिसऱ्या वेळी बाराव्यात, आणि १९७२ मध्ये ज्याच्याकडून डुरानने किताब घेतला त्या केन बुकॅननची फाइट तेराव्याच्या शेवटी थांबली. म्हणजे त्याचं पीक उशिरा यायचं. व्हिटेकरला अकराव्या राउंडला माहीत असतं की आता सहा मिनिटं काढली की संपलं. १५ मध्ये तेव्हा पंधरा मिनिटं बाकी असतात, आणि गुडघ्यात वाकून वाकून खेळणाऱ्या माणसाच्या मांड्या त्या वेळी काय म्हणत असतील हे ज्याने तीन राउंडसुद्धा तसं खेळलंय त्याला विचारा.

व्हिटेकर डावखुरा, त्याचा फायदा कुणाला?

दोघांना थोडा थोडा. डावखुऱ्यासमोर दोघांचे पुढचे हात एकमेकांना अडवतात, आणि ज्याचा पुढचा पाय बाहेरच्या बाजूला पडतो त्याचा मागचा हात मोकळा होतो, व्हिटेकर या पायाच्या खेळात उस्ताद होता. पण डावखुरा उजवी बाजू पुढे करून उभा राहतो आणि यकृत उजवीकडेच असतं, म्हणजे डुरानच्या डाव्या हुकसाठी ते आयतं पुढे केलेलं. आणि डुरानचा सरळ उजवा, जो तो जॅबशिवाय थेट सोडायचा, डावखुऱ्यावर तोच सगळ्यात जास्त चालतो.

नॉकआउट होईल का?

नाही. व्हिटेकर आपल्या ४६ फाइटमध्ये एकदाच थांबला, शेवटच्या फाइटमध्ये २००१ ला, तेही गळपट्टीचं हाड मोडल्यामुळे. १९९९ मध्ये फेलिक्स त्रिनिदाद या बॉक्सरने जबडा मोडला तरी बारा राउंड पूर्ण केले. आणि डुरानला १३५ मध्ये कुणी थांबवलेलंच नाही.

रेफरी आणि जजचा किती फरक पडेल?

खूप. बुकॅननची फाइट १९७२ मध्ये थांबली ती घंटेच्या आसपास कमरेखाली बसलेल्या ठोशानंतर, रेफरीने ते मानलं नाही. डुरान पॉइंटवर पुढे होताच, तरी कडक रेफरी असता तर तो क्षण वेगळा गेला असता. आतल्या अंतरावर धक्काबुक्की चालू देणारा रेफरी डुरानला पाहिजे, आणि लगेच हात सोडवणारा व्हिटेकरला. जजचं तर काय सांगू, व्हिटेकर १९८८ मध्ये फ्रान्समध्ये रामिरेझकडून स्प्लिट डिसिजनने, म्हणजे दोन जज एकीकडे आणि एक दुसरीकडे असा, हरला, त्या निकालावर आजही कुणी विश्वास ठेवत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच रामिरेझला त्याने सहज हरवलं. माझ्यासाठी तो १९८८ चा निकाल आणि माझ्या लहानपणीचा निकाल एकाच जातीचे आहेत.

आपल्याकडच्या ऑलिम्पिक बॉक्सिंगमध्ये असं का दिसत नाही?

तिथे तीन राउंड असतात, नऊ मिनिटं. डुरानला तेवढ्यात भूकसुद्धा लागत नाही. तरी बीजिंगला २००८ मध्ये विजेंदरने ब्रॉन्झ आणलं तेव्हा त्याचा बचाव, ते मागच्या पायावर जाऊन परत येणं, बघण्यासारखं होतं.

बरं, तुमचं उत्तर काय ते सांगा एकदाचं.

१९७८ चा डुरान, १९९० चा व्हिटेकर, १३५ पाउंड, १२ राउंड: व्हिटेकर, सात राउंड विरुद्ध पाच. पहिले पाच राउंड डुरान शोधत राहील, सहा ते नऊमध्ये सापडवेल, रोप्सवर दोन-तीन वेळा असं हाणेल की माझ्यासारख्याचा जीव वर येईल, आणि शेवटच्या तीनमधले दोन व्हिटेकर जॅबवर काढेल.

तेच १५ राउंड केले तर मी डुरान म्हणतो, एका पॉइंटने. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण मामांना मी गेल्या दिवाळीत हे कबूल केलंय आणि आता फिरवणार नाही. शेवटच्या तीन राउंडमध्ये मला व्हिटेकरचे पाय दिसतात आणि ते जड झालेले दिसतात.

नवीन माणसाने कुठून बघायला सुरुवात करावी?

आधी चावेझची फाइट, आवाज बंद करून, कागद-पेन घेऊन, प्रत्येक राउंडला फक्त साफ बसलेले ठोसे मोजा, जो पुढे जातोय त्याच्याकडे बघू नका. मग मॉन्ट्रियल, २० जून १९८०, डुरान-लिओनार्ड पहिली, पूर्ण पंधरा राउंड, एकही सोडू नका, जजच्या कार्डावर तिथे फक्त एक-दोन पॉइंटांचा फरक होता. मग बेनितेझ. व्हिटेकर १४ जुलै २०१९ ला व्हर्जिनिया बीचमध्ये गाडीच्या धडकेत गेला, ५५ वर्षांचा होता, बातमी आली त्या संध्याकाळी मी नाझारियोवाली लावली होती, ती छोटी आहे, ती सगळ्यात शेवटी बघा. आणि कागद घेऊन रविवारी या, आठच्या आत, नंतर पोहे संपतात.